ट्रॅक डेसाठी ब्रेक: आधी ऑइल, मग पॅड, मग हवा, मोठे कॅलिपर सगळ्यात शेवटी

सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल थेट तळाला गेलं. ट्रॅक डे होता, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस. सहावी फेरी होती, काटा १९० च्या आसपास होता आणि शेजारी भाचा बसला होता. दुसऱ्यांदा पंप केलं, तिसऱ्यांदा केलं, तेव्हा कुठे पायाखाली काहीतरी लागलं. वळण घ्यायचा नाद सोडून मी गाडी सरळ ठेवली, एकेक गिअर खाली उतरवत गेलो आणि बाहेरच्या खडीत चाकं अर्धी रुतून गाडी थांबली. कुणाला काही झालं नाही. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, ब्रेक तर परवाच नवे टाकले होते ना?"

टाकले होते. खाचांच्या नव्या डिस्क, ट्रॅकवर चालणारे पॅड, सगळं मी स्वतः बसवलं होतं, टॉर्क रेंच लावून, नीट. ब्रेक ऑइल मात्र तीन वर्षांपूर्वीचं तसंच ठेवलं होतं, कारण डिस्क आणि पॅड बदलताना ब्रेकची लाइन उघडावी लागत नाही. दोन बाटल्या ऑइल आणि अर्ध्या दिवसाचं काम मी टाळलं आणि बहिणीचं पोर धोक्यात घातलं. त्या दिवसापासून मी ब्रेकच्या कामाचा क्रम ठरवून टाकला आहे. तोच इथे मांडतो.

उष्णतेचा हिशेब

माझी गाडी दोन दारांची, मागच्या चाकांवर चालणारी. मी आत बसल्यावर वजन १३०० किलोच्या घरात जातं. ती ताशी २०० वरून ८० वर आणायची तर सुमारे १७ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पाच लिटर साधं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते तेवढी ही, आणि ती साडेतीन-चार सेकंदांत तयार होते. थोडी हवेचा रोध आणि इंजिन खातात, बाकीची ब्रेकमध्ये शिरते. ब्रेक मारताना वजन पुढे झुकतं, म्हणून त्यातला साधारण ७० टक्के वाटा पुढच्या दोन डिस्कच्या माथी येतो. आठ किलोची बिडाची डिस्क धरली तर एकाच ब्रेकिंगला ती दीडशे अंशांनी तापते. पुढच्या सरळ पट्ट्यावर ती थोडी निवते, पण पुरती निवायच्या आत पुढचं वळण येतं. असं वीस मिनिटं चालतं.

रस्त्यावर ६० वरून गाडी थांबवायला याच्या साधारण नवव्या भागाइतकीच ऊर्जा लागते, तीही अधूनमधून. म्हणून रस्त्यावर झकास वाटणारे ब्रेक ट्रॅकवर चार फेऱ्यांत हात टेकतात.

आता एक गोष्ट तपासून बघा. मोकळ्या, रहदारीला बंद असलेल्या जागेत जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएस (चाक पुरतं अडू न देणारी यंत्रणा) जागा होतो का? होत असेल तर चाक अडवायची ताकद तुमच्या ब्रेकमध्ये आधीपासूनच आहे. गाडी किती अंतरात थांबेल हे तिथून पुढे टायर ठरवतात, त्यामुळे मोठ्या डिस्क लावून पहिलं ब्रेकिंग फारसं सुधारणार नाही. विसावं ब्रेकिंग पहिल्यासारखं व्हावं यासाठी ही सगळी खटपट आहे. जॅग्वार सी-टाइपने १९५३ ची ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली ती डनलॉपच्या डिस्क ब्रेकच्या जोरावर. ड्रम ब्रेकच्या गाड्या लांबच लांब सरळ पट्ट्यानंतर तासन्‌तास तीच उष्णता सोसू शकत नव्हत्या.

आधी पायाला काय कळतंय ते ओळखा

सुटे भाग मागवण्याआधी गाडी नेमकी कशाने दमते ते समजून घ्या. लक्षणं वेगवेगळी असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

पेडल मऊ झालं, फेरीगणिक खोल जाऊ लागलं, पंप केल्यावर थोडं वर आलं, तर ऑइल उकळतंय किंवा लाइनमध्ये हवा आहे. पेडल दगडासारखं घट्ट आहे, तुम्ही पूर्ण जोर लावताय, तरी गाडी पुढे सरकतच राहते, तर पॅड त्याच्या तापमानाच्या बाहेर गेला आहे. नव्या, न तापवलेल्या पॅडमधला राळेचा अंश पहिल्यांदा जळून वायू सुटतो तेव्हाही असंच होतं. तिसरं लक्षण फसवं आहे: पहिल्या दाबाला पेडल लांब जातं आणि लगेच दुसऱ्या दाबाला जागेवर येतं, विशेषतः कडेच्या उंचवट्यावरून चाक गेल्यानंतर किंवा लांब वेगवान वळणानंतर. अशा वेळी बहुतेकदा चाकाच्या बेअरिंगला खेळ असतो. डिस्क डुलते आणि कॅलिपरमधल्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातल्या) पिस्टनला मागे ढकलते. ऑइल कितीही बदललं तरी हे जात नाही. बेअरिंग तपासा, आणि तोवर सरळ पट्ट्यावर ब्रेकिंगच्या जागेआधी डाव्या पायाने पेडलला हलकीशी टिचकी मारून पॅड जवळ आणून ठेवा.

चौथं म्हणजे ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरणं. लोक म्हणतात डिस्क वाकली. मी काढलेल्या बहुतेक "वाकलेल्या" डिस्कवर पॅडचा माल एकाच जागी चिकटून बसलेला होता. हा प्रकार कसा होतो ते पॅडच्या भागात येईल.

ऑइल

आपण सवयीने ब्रेक ऑइल म्हणतो, पण डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या प्रतींत तेल नसतं, ग्लायकॉल जातीचा द्रव असतो. हे मुद्दाम सांगतो, कारण नाव ऐकून कुणी यात साधं खनिज तेल ओतलं तर रबरी सील फुगतात आणि सगळी यंत्रणा खोलून सील बदलावे लागतात.

हा द्रव हवेतलं पाणी शोषतो. झाकण बंद असलं तरी रबरी नळ्यांतून, सीलमधून ओल हळूहळू आत येतेच. म्हणून बाटलीवर उकळण्याचे दोन आकडे असतात, एक कोरड्या द्रवाचा आणि एक ३.७ टक्के पाणी शोषलेल्या द्रवाचा. डॉट ४ ची किमान अट कोरडं असताना २३० अंश आणि ओलं असताना १५५ अंश. डॉट ५.१ ची २६० आणि १८०. माझं तीन वर्षांचं ऑइल त्या ओल्या आकड्याच्या आसपास कुठेतरी होतं. ट्रॅकवर कॅलिपर १५५ अंशांच्या पुढे सहज जातो. मग आत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय तळाला टेकतो आणि पॅडपर्यंत काहीच पोचत नाही.

यातला घातक भाग असा की गाडी निवली की वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि पेडल परत छान घट्ट लागतं. माणसाला वाटतं झालं गेलं, आणि तो पुढच्या सत्राला निघतो. एकदा ऑइल उकळलं की त्या दिवशी गाडी ट्रॅकवर न्यायची असेल तर आधी ऑइल बदलायचं, नाहीतर गाडी झाकून ठेवायची. यात मी तडजोड करत नाही.

ट्रॅकसाठीचं ऑइल वेगळं येतं. मोटुल आरबीएफ ६०० चा कोरडा आकडा ३१२ अंश आहे. कॅस्ट्रॉल एसआरएफचा कोरडा आकडा ३२० आणि ओला २७० अंश, म्हणून वर्षात दोन-तीनच ट्रॅक डे करणाऱ्याला आणि मध्ये मध्ये रस्त्यावर गाडी वापरणाऱ्याला ते परवडतं: जुनं होऊनही बरंच टिकून राहतं. मी पहिल्या प्रकारचं वापरतो आणि दर दोन ट्रॅक डेनंतर पूर्ण बदलतो. डॉट ५ हे सिलिकॉन असतं. नाव ५.१ शी मिळतंजुळतं असलं तरी ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही, जास्त दाबलं जातं आणि एबीएसच्या गाडीत त्याला जागा नाही. दुकानात बाटली हातात घेताना तो ठिपका आणि एक आहे ना, हे दोनदा बघा. उघडलेली बाटली पुढच्या हंगामासाठी ठेवू नका.

आता ऑइल बदलायची पद्धत. गाडी सपाट जागी, चारही बाजूंनी स्टँडवर. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीजवळ डोकं नेऊ नका. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, जवळ पाण्याची बादली, कारण हा द्रव रंग खातो आणि सांडला तर लगेच पाण्याने धुवावा लागतो. टाकीतलं जुनं ऑइल पिचकारीने शक्य तेवढं काढून नवं भरा. तळाशी उघडं पडेल इतकं उपसू नका. मग पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने चाकं घ्या. बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरपासून) सगळ्यात लांबचं चाक आधी असतं, पण सगळ्यांत नसतं.

कॅलिपरच्या निपलवर, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूवर, आधी रिंग पाना चढवायचा, मग पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडलेलं. पेडलखाली मी लाकडाचा ठोकळा ठेवतो. जुन्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन रोज जिथवर जात नाही त्या भागात गंज किंवा गाळ असतो, आणि पेडल पूर्ण तळाला नेलं की सील त्यावर घासून फाटतं.

पेडलवर भाचा बसतो. आमचं बोलणं ठरलेलं आहे.

"दाब."

"दाबलंय, मामा."

मी निपल पाव फेरा सैल करतो. नळीतून द्रव येतो, पेडल हळूहळू ठोकळ्यापर्यंत उतरतं.

"टेकलं."

मी निपल घट्ट करतो. "सोड."

माझं "सोड" येण्याआधी त्याने पाय उचलला तर हवा उलटी आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून तो प्रत्येक शब्द मोठ्याने बोलतो, मीही बोलतो, गाणी बंद, फोन बाजूला. दर सात-आठ दाबांनी टाकीतली पातळी बघायची. टाकी रिकामी होऊन हवा एबीएसच्या पंपात गेली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो. नळीत स्वच्छ, बुडबुडे नसलेला द्रव आला की त्या चाकाचं काम झालं. बहुतेक गाड्यांना सगळं मिळून एक लिटर पुरतं. शेवटी इंजिन चालू करून पेडल मिनिटभर जोरात धरून ठेवायचं. ते खाली सरकता कामा नये. प्रत्येक निपल कोरडं पुसून, रबरी टोपी लावून, पुन्हा एकदा बॅटरीच्या उजेडात बघायचं.

पॅड

पॅड निवडताना लोक किती चावतो एवढंच विचारतात. मी आधी तो किती अंशांपासून किती अंशांपर्यंत काम करतो ते विचारतो. रस्त्याचे साधे पॅड तीनशे-साडेतीनशे अंशांच्या पुढे ढिले पडायला लागतात. ट्रॅकचे पॅड सहाशे-सातशेपर्यंत टिकतात, पण त्यातले बरेचसे गार असताना नीट धरत नाहीत. सकाळी गार गाडी घेऊन घरातून निघालात आणि पहिल्याच चौकात कुणी आडवं आलं, तर हे आठवायला वेळ नसतो. फेरोडो डीएस २५०० सारखे मधले पॅड रस्त्यावर आणि हलक्या ट्रॅकवर दोन्हीकडे चालतात. पागिड आरएस २९ सारखे लांब पल्ल्याच्या शर्यतीचे पॅड जड किंवा ताकदवान गाडीला जास्त वेळ साथ देतात, पण रस्त्यावर किंचाळतात आणि चाकं राखाडी करून टाकतात.

माझा सल्ला: पहिल्या दोन ट्रॅक डेला मधले पॅड. तुम्ही शिकता आहात, वेग कमी आहे, आणि पॅडचा स्वभाव अंदाज करण्याजोगा असणं तेव्हा महत्त्वाचं. वेग वाढला, पेडल घट्ट असूनही गाडी पुढे सरकायला लागली, की पूर्ण ट्रॅकचे पॅड घ्या. ते ट्रॅकवर पोचल्यावर बदला आणि निघताना रस्त्याचे परत लावा. सराव झाल्यावर एका बाजूला वीस मिनिटं लागतात. पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ऑइल वर येतं, तेव्हा टाकीवर लक्ष ठेवा.

पुढे आणि मागे एकाच जातीचे पॅड घ्या. पुढे कडक ट्रॅकचे आणि मागे जुने रस्त्याचे, असं केलं तर तापल्यावर मागचं टोक काम करेनासं होतं आणि पुढच्यांवर आणखी भार पडतो. उलट केलंत तर वळणात शिरताना मागचं टोक सुटतं, आणि ते त्याहून वाईट.

नवे पॅड बसवले की त्यांना डिस्कवर मुरवावं लागतं. चांगलं ब्रेकिंग हे बऱ्याच अंशी पॅडने डिस्कवर पसरलेल्या स्वतःच्याच पातळ थरावर होतं, आणि तो थर सगळीकडे सारखा हवा. बनवणाऱ्याने पद्धत दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर ट्रॅकवर, मागे कुणी नाही बघून, १०० वरून ५० वर मध्यम जोराने सहा-आठ वेळा, मग १५० वरून ६० वर जोरात चार-पाच वेळा. मधे मधे वेग घेत जायचं. एकदाही पूर्ण थांबायचं नाही. वास येईल, थोडा धूर दिसेल, पेडल क्षणभर ढिलं वाटेल. त्यानंतर एक-दीड फेरी ब्रेक न लावता हळू फिरून गाडी उभी करायची आणि हात लावता येईल इतकं सगळं निवू द्यायचं. डिस्कवर एकसारखी निळसर राखाडी झाक आली की झालं.

तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी केली की थराचा एक ठसा तिथेच उमटतो. तिथे पुढच्या वेळी जास्त घर्षण, जास्त उष्णता, आणखी ठसा. खूप तापलं तर तिथल्या बिडात कठीण डाग तयार होतात, जे घासूनही जात नाहीत. स्टिअरिंगच्या थरथरीचं मूळ बहुतेकदा हेच असतं. म्हणून परत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. गाडी गिअरमध्ये टाका, चाकाला अडणी लावा, आणि पायही ब्रेकवरून काढा. दोन मिनिटांनी गाडी हातभर पुढे ढकलली तर आणखी चांगलं.

पॅड किती वापरायचा? रस्त्यावर लोक शेवटच्या दोन मिलिमीटरपर्यंत जातात. ट्रॅकवर मी निम्मा झिजला की बदलतो. पातळ पॅड उष्णता अडवू शकत नाही, ती थेट पिस्टनमधून ऑइलमध्ये जाते. पॅडची आणि ऑइलची गोष्ट अशी एकमेकांत अडकलेली आहे. पॅड आणि पिस्टनच्या मध्ये टायटॅनियमची पातळ चकती बसवतात तीही याचसाठी, टायटॅनियममधून उष्णता सावकाश जाते. चकती बसवायला जागा असेल तर छोटं पण उपयोगी काम आहे.

डिस्क

डिस्कच्या बाबतीत मी लोकांना साधंच घ्या म्हणतो. मूळ मापाची, आतून हवेच्या पोकळ्या असलेली, चांगल्या बिडाची सपाट डिस्क ट्रॅकवर छान चालते. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला देखण्या असतात, पण वारंवार तापून-निवून चिरा पडायला सुरुवात भोकाच्या कडेपासूनच होते. खाचांच्या डिस्क पॅडचा चेहरा खरवडून ताजा ठेवतात, पॅड थोडा लवकर संपतो, हरकत नाही.

पोकळ्यांच्या भिंती वळणदार असतील तर डावी-उजवी डिस्क वेगळी असते. भिंती मधून बाहेर जाताना फिरण्याच्या उलट्या दिशेला, म्हणजे मागे झुकलेल्या हव्यात. तेव्हाच डिस्क पंख्यासारखी हवा आतून ओढून बाहेर फेकते. पुष्कळ जण वरच्या खाचांची दिशा बघून बसवतात आणि चुकतात. आतल्या भिंती बघा.

बसवताना हबचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा, चेहरा तारेच्या ब्रशने लख्ख करा. गंजाचा एक कण डिस्कच्या कडेला कितीतरी पट होऊन दिसतो. डायल गेज असेल तर डोलणं मोजा, साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आत हवं. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याखाली गेली की ती बदलायची. वरवरचं बारीक जाळं चालतं. ज्या चिरेत नख अडकतं, किंवा जी चीर काठापर्यंत पोचली आहे, ती डिस्क त्याच क्षणी बाद.

नळ्यांबद्दल थोडक्यात. स्टीलच्या जाळीच्या नळ्या दाबाखाली कमी फुगतात, त्यामुळे पायाला नेमकं कळतं. थांबायचं अंतर त्याने घटत नाही. जुन्या रबरी नळ्यांना भेगा असतील तर बदलायच्याच आहेत, तेव्हा जाळीच्या टाका. तांब्याच्या वॉशर दर वेळी नव्या. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून, चाक लोंबतं ठेवून आणि दाबून, नळी कुठे ताणत किंवा घासत नाही ना ते बघा.

हवा

सगळ्यात कमी लोक करतात आणि सगळ्यात जास्त फळ देतं असं काम म्हणजे डिस्कपर्यंत वारा नेणं. पुढच्या बंपरमध्ये जिथे हवेचा दाब असतो तिथून, धुक्याच्या दिव्याच्या जागेतून वगैरे, ६३ किंवा ७६ मिलिमीटरची उष्णता सोसणारी नळी चाकापर्यंत न्यायची. तिचं तोंड डिस्कच्या मध्याशी, जिथून पोकळ्या सुरू होतात तिथे उघडायला हवं. फक्त बाहेरच्या सपाट बाजूवर वारा मारला तर एक बाजू गार आणि एक गरम राहते, आणि तेही चिरांचं कारण होतं. मी डिस्कमागच्या धुळीच्या पत्र्याला गोल भोक पाडून तिथे नळीचा गळा बसवला. पत्रा सरसकट कापून टाकू नका. तो बॉल जॉइंटच्या रबराला आणि बेअरिंगला डिस्कच्या धगीपासून वाचवतो.

फरक पडला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. डिस्कच्या काठाला लावायचे तापमानाचे रंग मिळतात. नेहमीच्या संचातला हिरवा ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला रंग बदलतो. हातातलं इन्फ्रारेड यंत्र परत येईपर्यंत निवलेली डिस्क दाखवतं. रंग मात्र सगळ्यात वरचं तापमान जपून ठेवतो. कॅलिपरवर चिकटवायच्या पट्ट्याही लावा. नळ्या बसवण्याआधी माझा लाल रंग उडाला होता. नंतर त्याच ट्रॅकवर, त्याच पॅडवर, नारिंगीही शाबूत राहिला. कॅलिपरची पट्टी २०० च्या वर गेली तर मी ऑइलकडे संशयाने बघायला लागतो.

मोठे कॅलिपर

एवढं सगळं करूनही रंग उडत असतील, पॅड एका दिवसात संपत असतील, टायर चिकट घेतले असतील आणि तुम्ही खरंच वेगवान झाला असाल, तर मोठ्या डिस्क आणि कॅलिपरचा विचार करा. जड डिस्क जास्त उष्णता साठवते, मोठा पॅड सावकाश झिजतो. हे फायदे खरे आहेत.

पण घेण्याआधी गणित करा. समजा मूळचा सरकता कॅलिपर ५४ मिलिमीटरच्या एका पिस्टनचा आहे. क्षेत्रफळ २२.९ चौरस सेंटिमीटर. नव्या चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये दोन्ही बाजूंना ३८ आणि ३६ मिलिमीटरचे पिस्टन आहेत. मोजायची एकच बाजू, कारण दुसरी बाजू फक्त समोरून तितकाच जोर देते, जो सरकत्या कॅलिपरमध्ये बॉडी देत असते. म्हणजे २१.५. जोर सहा टक्के घटला. डिस्क मोठी झाल्याने पॅड मध्यापासून १२.५ ऐवजी १३.५ सेंटिमीटरवर दाबतो, म्हणजे आठ टक्के वाढ. गोळाबेरीज जवळजवळ मूळ इतकीच आली. हा संच गाडीला शोभेल.

याच जागी कुणी ४४ आणि ३८ चे पिस्टन लावले तर पुढचा जोर मूळपेक्षा पंचवीसएक टक्क्यांनी वाढतो. पुढची चाकं आधी अडतात, एबीएस लवकर मध्ये पडतो, मागचे ब्रेक अर्धेच वापरले जातात आणि थांबायचं अंतर वाढतं. शिवाय पेडल लांब जातं, कारण तेवढा द्रव ढकलायला मास्टर सिलिंडर तेवढाच आहे. एपी रेसिंग, ब्रेम्बो, ऑल्कनसारख्या नावाजलेल्या कंपन्यांचं असो वा दुसऱ्या कुणाचं, पिस्टनची मापं लेखी मागा आणि मूळ मापांशी ताडून बघा. चाकाच्या आत कॅलिपर बसतो का ते पुठ्ठ्याचा साचा कापून आधी तपासा.

सिरॅमिक डिस्क हलक्या आणि उत्तम, पण सततच्या ट्रॅकवर झिजल्या की बदलायचा खर्च फार मोठा असतो, आणि खडीत गेल्यावर कडा उडतात. सिरॅमिकवाल्या गाड्यांचे अनेक मालक ट्रॅकसाठी बिडाच्या डिस्क बसवतात, ते याचमुळे.

एबीएसबद्दल एक सावधगिरी. चिकट टायर, फार चावरे पॅड आणि एकदम लाथ मारल्यासारखा ब्रेक, असं जुळून आलं की काही गाड्यांचा एबीएस गोंधळतो. त्याला वाटतं गाडी बर्फावर आहे, आणि तो दाब सोडून देतो. पेडल घट्ट, गाडी थांबत नाही. घाबरून आणखी दाबू नका. क्षणभर पाय उचलून पुन्हा, थोडा सावकाश, पण पूर्ण दाबा. तसं वारंवार होत असेल तर पॅड एक पायरी सौम्य घ्या. आणि मागचे पॅड अनपेक्षित लवकर संपत असतील तर स्थिरता राखणारी यंत्रणा वळणात तुमच्या नकळत मागचे ब्रेक लावते आहे. नवख्याने ती बंद करू नये. मागचे पॅड जास्तीचे जवळ ठेवावेत आणि वळणात स्टिअरिंग थोडं हळुवार फिरवायला शिकावं.

सत्रांच्या मधे

शेवटची फेरी हळू, ब्रेक जवळजवळ न लावता, उंच गिअरमध्ये. परत आलं की मी बॉनेट उघडतो, टाकीची पातळी बघतो, चाकांच्या फटीतून बॅटरी मारून पॅडची जाडी आणि डिस्कचा काठ बघतो, निपलजवळ ओल आहे का ते बघतो. चाकं निवल्यावर नट टॉर्क रेंचने तपासतो. भाचा वहीत लिहितो: किती फेऱ्या, कुठला रंग उडाला, पट्टी किती, पेडल कसं. आता तो स्वतःही गाडी चालवतो, आणि पेडल बोटभर जरी खाली वाटलं तरी फेरी अर्धवट सोडून आत येतो. मी त्याला कधीही "अजून एक फेरी मारायची होतीस" असं म्हणत नाही.

परतीच्या आधी रस्त्याचे पॅड लावून झाले की पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे ढकललेले असतात आणि पहिला दाब रिकामा जातो. गाडी जागेवरून हलवण्याआधी हे करायचं. मग आवारातच चालण्याच्या वेगाने दोनदा थांबून बघा, आणि नंतर फाटकाबाहेर पडा.